पांढरा फ्रॉक आणि फ्रेमबाहेरची आई

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणारी १९ वर्षांची मुलगी लिहिते. ती तालुक्याच्या गावी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. आई ती सांभाळून दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते, किलोमागे दहा रुपये मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत ही मुलगीही वेचायला जाते. तिचं इन्स्टाग्रामवर खातं आहे. त्यावर ती ‘कॉटेजकोअर’ प्रकारातले फोटो आणि रील टाकते: लेसचा पांढरा फ्रॉक, वेताची टोपली, मोकळे केस, मागे शेत. नोव्हेंबरात आई जिथं मजुरीनं वेचत होती त्याच वावरात तिनं एक रील केली. मागे लुगड्यावर सदरा चढवलेली आई आणि आणखी चार बायका ओळीनं वेचताना दिसत होत्या, त्या तिनं झूम करून फ्रेमबाहेर काढल्या. रील चांगली चालली. पुण्याच्या एका मुलीनं खाली लिहिलं, ‘तू गावातली वाटतच नाहीस.’ ते वाचून तिला आनंद झाला आणि रात्री त्या आनंदाचीच लाज वाटली. मग शेजारच्या काकूनं ती रील आईला दाखवली. आईनं वावर ओळखलं. एवढंच म्हणाली, ‘माह्या सदऱ्यानं तुहा फोटो बिघडत व्हता काय वं?’ तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. काका म्हणतात, पोरीच्या जातीनं असलं करू नये, हे थेर बंद कर. शिवाय एकदा फ्रॉकसाठी मुलीनं आईच्या डब्यातले बचत गटाच्या हप्त्याचे पैसे न सांगता घेतले होते; नंतर परत ठेवले. ती विचारते, ‘खातं बंद करून टाकू का? गरीब घरच्या मुलीनं असे शौक करणं चूकच आहे का?’

पोरी,

खातं बंद करायचं की नाही, हा तुझ्या पत्रातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे. तो शेवटी घेऊ. त्याआधी तू जे धरून चालली आहेस ते तपासू. आईला तुझा फ्रॉक खटकला, तुझी हौस खटकली, असं तुला वाटतंय. पण तिचं वाक्य तूच मला लिहून पाठवलंस. त्यात फ्रॉक कुठं आहे? तिनं विचारलं ते तिच्या स्वतःच्या सदऱ्याबद्दल. फ्रॉकबद्दल तिचं मत काय, हे तुला अजून माहीतच नाही. आवडलाही असेल तिला. पांढरा फ्रॉक काळ्या मातीत नेल्यावर तो धुतला कोणी, हे मात्र तू पत्रात लिहिलेलं नाहीस.

आता ह्या फॅशनबद्दल थोडं, कारण ती तुझ्यापर्यंत कुठून आली हे कळलं तर तुझ्या मनातला अर्धा गुंता सुटेल. ‘कॉटेजकोअर’ हे नाव २०१८ च्या आसपास टम्बलर ह्या समाजमाध्यमावर रुळलं आणि २०२० च्या टाळेबंदीत जगभर पसरलं. शहरांतल्या फ्लॅटमध्ये अडकलेल्या तरुण पोरापोरींनी स्वतःसाठी एक गाव कल्पलं. त्यात घरी भाजलेला पाव होता, रानफुलं होती, चौकड्यांचं कापड, लेस, टोपल्या होत्या. त्याच वर्षी लिरिका मातोशी ह्या डिझायनरचा स्ट्रॉबेरीच्या नक्षीचा एक झगा इतका गाजला की ४९० डॉलर किंमत असूनही त्याची चर्चा थांबेना, आणि पाठोपाठ त्याच्या स्वस्त नकला बाजारात आल्या. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं रील सुरू केली, आणि हे सगळं तुझ्या मोबाइलपर्यंत येऊन पोहोचलं. त्या कल्पनेतल्या गावात सकाळ असते, संध्याकाळ असते, दुपार कधीच नसते. तिथं कोणी निंदत नाही, डवरत नाही, फवारत नाही आणि कापसाचा भावही विचारत नाही.

कष्ट वगळून गाव सजवायचा हा नाद टाळेबंदीच्या फार आधीचा आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनं १७८३ मध्ये व्हर्सायच्या आवारात स्वतःसाठी एक खोटं खेडं बांधायला घेतलं होतं. गवताच्या छपरांची घरं, तळं, दूधघर, सगळं. तिथं ती साधा पांढरा मलमलचा झगा घालून वावरायची. त्याच वर्षी एलिझाबेथ विजे ल ब्रून ह्या चित्रकर्तीनं राणीचं त्या झग्यातलं चित्र प्रदर्शनात मांडलं, तेव्हा केवढा ओरडा झाला; राणी आतल्या कपड्यांत उभी आहे असं लोक म्हणू लागले आणि ते चित्र उतरवून तिथं रेशमी पोशाखातलं दुसरं लावावं लागलं. उत्तम मलमल तेव्हा युरोपात त्या काळच्या हिंदुस्थानातून जायची. त्या सुताचा कापूस वेचणाऱ्या बायका काही त्या चित्रात नव्हत्या. तेव्हा मागच्या बायका फ्रेमबाहेर काढणारी तू पहिली नाहीस, एवढं तरी मनावरचं ओझं हलकं कर.

पण तू राणी नाहीस, आणि इथंच मला तुझी बाजू घ्यायची आहे. राणीला वेचणी माहीत नव्हती. तुला दहाव्या-बाराव्या वर्षापासून माहीत असणार. पऱ्हाटीच्या ओळीत शिरलं की कंबरेला ओटी, डोक्यावर ऊन, आणि संध्याकाळी काट्यावर किती भरेल ह्याचा मनात चाललेला हिशेब, हे तू जगलेली आहेस. त्या वावरात हाती काही काम नसताना नुसतं उभं राहायचं, वाऱ्यावर केस सोडायचे, कापसाकडे नुसतं पाहायचं, हे तुझ्या वाट्याला बहुधा त्या अर्ध्या तासातच पहिल्यांदा आलं. तुझ्या आईला ते कधी मिळालं असेल असं मला वाटत नाही. शहरातल्या मुलीसाठी तो फ्रॉक म्हणजे गावाचं सोंग असेल, तुझ्यासाठी ती सुट्टी होती. ह्यात मला गैर काही दिसत नाही. ‘गरीब घरच्या मुलीनं शौक करावेत का’ हा प्रश्न तर मला मुळातच नको आहे. सुंदर दिसायची हौस सातबारा बघून येत नाही.

आईच्या लग्नाआधीचा एखादा फोटो घरात असेल तर शोध. पंचवीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाऊन काढलेला असेल. मागे रंगवलेला पडदा असायचा, त्यावर धबधबा किंवा बंगल्याचा जिना. हातात प्लास्टिकची फुलं द्यायचे, हनुवटीखाली बोट ठेवायला सांगायचे. वळणाच्या पिना, मैत्रिणीची उसनी ओढणी, कोणत्या तरी नटीसारखी कपाळावर सोडलेली एक बट. धबधबा आपल्या तालुक्यात नव्हताच. पडद्यामागं पोपडे निघालेली भिंत होती आणि ती भिंत फोटोत यावी असं कोणालाच वाटत नव्हतं. तुझी आईसुद्धा ह्या हौसेतून गेलेली असू शकते. फरक एवढाच की भिंतीला वाईट वाटत नाही.

आता पुण्याच्या त्या मुलीचं वाक्य. ते वाचून तुला आनंद झाला ह्याची लाज बाळगू नकोस. कौतुक ऐकून आनंद व्हायचाच. पण त्या कौतुकात काय मागितलंय ते बघ. तिला गाव हवंय, गावातली नको. असं ह्या सगळ्याच प्रकारांत होतं. २०२२ मध्ये ‘क्लीन गर्ल’ नावाचं खूळ आलं: केस चापून मागे बसवलेले, कानात सोनेरी रिंगा, तुकतुकीत चेहरा. अमेरिकेतल्या काळ्या आणि लॅटिन मुली हे कैक वर्षं करत होत्या, तेव्हा त्यांना कोणी ‘क्लीन’ म्हटलं नव्हतं. आपल्याकडे तेल चोपडून, चप्प वेणी घालून खेड्यातनं आलेल्या मुलीला शहरातल्या कॉलेजात पहिल्या दिवशी काय काय ऐकावं लागतं हे मी तुला सांगायला नको. मग ‘कोकेट’ आलं, जिकडेतिकडे रिबिनीच रिबिनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या आपल्या पोरी दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनीची फुलं करत आल्यात, त्यांच्याकडे कोणी कॅमेरा वळवला नाही. वस्तू तीच असते. ती कोणाच्या अंगावर आहे त्यावरून तिला फॅशन म्हणायचं की गावंढळपणा, हे ठरतं. आणि हे ठरवणारे लोक वाशीम-यवतमाळात बसलेले नाहीत.

(‘ओल्ड मनी’ नावाच्या फॅशनबद्दल विचारणाऱ्या मुलांसाठी जाता जाता: खानदानी श्रीमंतासारखं दिसायला उधारी करून फिकट रंगाची लिननची पँट घेऊ नका. जुलैच्या चिखलात बंडीच्या चाकोरीतून ती पहिल्याच दिवशी काळी होईल, आणि उधारी तशीच राहील.)

मला जास्त काळजी वाटते ती पत्रातल्या एका गोष्टीची, जिच्यावरून तू भरकन पुढे गेलीस. ते वावर तुमचं नाही. तुला ती मागे दिसणारी सुंदर जागा वाटली. आईची ती कामाची जागा आहे. तिथं तिला मालकाला तोंड द्यायचं असतं आणि बाकीच्या चार जणींबरोबर दिवस काढायचा असतो. तुझी रील काकूपर्यंत पोहोचली म्हणजे त्या चौघींपर्यंतही पोहोचली असणार. ‘तुही पोरगी तं मेमसाब झाली’ असं कोणी ओळीतून हसत म्हटलं असेल. मालकानं विचारलं असेल, तुझ्या पोरीला वावरात शिरायला कोणी सांगितलं, फुटलेली बोंडं तुडवली की काय. असंच झालं असेल असं माझं म्हणणं नाही. पण आईच्या गप्प बसण्यामागं तुझ्यावरचा राग सोडून दुसरंही काही असू शकतं. तू सगळं कोडं कपड्यांभोवती घालून ठेवलंस आणि हे विचारायचं राहून गेलं.

आणि तो सदरा. बाबांचा जुना, पूर्ण बाह्यांचा, लुगड्यावर चढवलेला. तुला तो गबाळा वाटतो ना? सुकलेल्या बोंडाची टोकं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडतात, ऊन असतं, अंगावर लव आणि धूळ बसते, आणि पानांवर फवारणीचा अंश असतो. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात होते. तेव्हा तू शाळेत असशील. त्या वावरासाठी शहाणा कपडा आईनं घातला होता, तू नव्हे. म्हणून रील करणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवते: फवारणी झालेल्या वावरात उघड्या पायांनी, बिनबाह्यांच्या झग्यात जाऊ नका. आधी विचारा कधी फवारलं होतं ते. गवतात बसताना साप-विंचू बघा. आणि वावर कोणाचंही असो, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून फोटो चांगला येतो, ओळीत शिरायची गरज नसते.

हे वाचून आता तुझ्या मनात दुसरी एक रील तयार होईल, ती मला इथूनच दिसतेय. आईचे भेगाळलेले हात जवळून, फाटका सदरा, मागे करुण बासरी, खाली ‘माझी माय’. ती करू नकोस. निदान आत्ता नको. त्या रीलला पहिलीपेक्षा दुप्पट लोक बघतील, रडक्या इमोजींचा पाऊस पडेल आणि तुला वाटेल की प्रायश्चित्त झालं. पण आधी तिला न विचारता फ्रेमबाहेर काढलं होतंस, आता न विचारता फ्रेममध्ये ओढशील. गावाचं गोड रूप विकलं जातं तसं गावाचं हलाखीचं रूपही विकलं जातं. तिला कसं दिसायचंय, दिसायचं तरी आहे का, हे ती सांगेल. कदाचित म्हणेल, माझा फोटो काढायचाच तर पोळ्याच्या दिवशी काढ, हिरवं पातळ नेसते. मग तसाच काढायचा. तिला सदऱ्यात ‘खरी’ दाखवायचा हट्ट तुझा, तिचा नाही.

कष्टांसकट गाव सुंदर दाखवता येतंच नाही का? येतं. चीनमधल्या सिच्वानच्या ली झिची नावाच्या तरुणीचे व्हिडिओ तू पाहिले नसशील तर बघ. आजी-आजोबांनी वाढवलेली मुलगी. पेरण्यापासून शिजवण्यापर्यंतची कामं ती स्वतः करताना दिसते आणि कपडेही देखणे घालते. त्यातही घाम फारसा दिसत नाही, चिखल बेतानं लागतो, साजशृंगार आहेच. पण काम पडद्यामागं ढकललेलं नाही, तेच व्हिडिओचा विषय आहे. तिच्या गोष्टीतला दुसरा भाग तुम्हा सगळ्यांच्या उपयोगाचा आहे: २०२१ मध्ये तिचं काम सांभाळणाऱ्या कंपनीशी तिचं भांडण झालं, आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत ती जवळजवळ गायबच होती. जगभर कोट्यवधी लोक बघत असताना. तेव्हा खातं थोडं वाढलं की ‘आम्ही तुमचं पेज सांभाळतो’ म्हणत कोणी करार घेऊन आलं तर सही करण्याआधी तो वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा, आणि काम देण्याआधी पैसे मागणाऱ्याला तर उत्तरही देऊ नका.

आता आईशी बोलायचं. कसं, ते तुला मी शिकवणार नाही, पण काय टाळायचं ते सांगते. ‘कॉटेजकोअर म्हणजे काय’ हे समजावत बसू नकोस. ‘चुकून कापली गेलीस’ म्हणू नकोस, कारण झूम चुकून होत नाही आणि तिला ते कळतं. काकूसमोर बोलू नकोस. रात्री चुलीपाशी किंवा सकाळी पाणी भरताना, दोघीच असाल तेव्हा सरळ सांग, ‘माय, म्या तुले मुद्दाम काढलं व्हतं. मले सदऱ्याची लाज वाटली.’ तुझी लाज वाटली नव्हती, हे खरं असेल तरच पुढे जोड. खरं नसेल, थोडीशी तिचीही वाटली असेल, तर ते वाक्य गिळ. खोटी सफाई तिला लगेच ओळखू येईल. मग विचार की वावरात तुला कोणी काही बोललं का. आणि ती रील ठेवायची की काढायची हे तिच्यावर सोड. ती ‘ठेव ना, मले काय’ म्हणाली तर तो होकार धरू नकोस, दोन दिवस थांबून पुन्हा विचार. ती लगेच विरघळेल असंही समजू नकोस. वेचणी संपत आली की अंग इतकं दुखत असतं की माफ करायलाही त्राण लागतं.

‘एक दिवस आईबरोबर वेचायला जा, म्हणजे कष्ट कळतील’ असा सल्ला तुला कोणीतरी देईलच. मी देत नाही. तुला कष्ट माहीत आहेत. ते माहीत नसते तर तुला लाजही वाटली नसती.

डब्यातल्या पैशांचं मात्र मी सोडणार नाही. परत ठेवले म्हणजे मिटलं असं तू दोन ओळींत उरकलंस. बचत गटाचा हप्ता चुकला तर बैठकीत चार बायांसमोर नाव घेतलं जातं, ते तुझं नाही, आईचं. परत ठेवलेस हे चांगलं केलंस. पण घेतले होते हेही तिला सांग. हे त्याच बोलण्यात नको, एखादा दिवस जाऊ दे.

फ्रॉकच्या किमतीचा हिशेब तू पत्रात स्वतःच मांडलास: साडेसातशे रुपये म्हणजे पंचाहत्तर किलो वेचणी, बोंडं भरभरून फुटलेली असली तरी आईचे दीड-दोन दिवस. हिशेब बरोबर आहे. पण तो गळ्यात अडकवून फिरू नकोस. बाकीचे पैसे तुझ्या शिकवण्यांचे होते, ते तू कमावलेत. त्यापेक्षा हा हिशेब कर. क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढताना, साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. अंगभर सुती फ्रॉकला तीनशे ग्रॅम सूत धरलं तर जेमतेम किलोभर कापूस लागतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, म्हणजे त्या फ्रॉकमधला शेतकऱ्याचा वाटा ऐंशीएक रुपये, तोही हमीभाव मिळाला तर. आणि तुझ्या फ्रॉकमध्ये बहुधा तेवढाही कापूस नसेल. स्वस्त ऑनलाइन झग्यांवर ‘पॉली’ किंवा ‘पॉली ब्लेंड’ लिहिलेलं असतं. पॉलिस्टर येतं खनिज तेलातून. कापूसवाल्या घरातली मुलगी, कापसाच्या वावरात, प्लास्टिकचा फ्रॉक घालून उभी. हे वाचून तू हसलीस तर बरं वाटेल मला.

ओळखायचं कसं, ते सगळ्यांसाठी सांगते. शिवणीच्या आतून दोन-चार धागे ओढून काढ, चिमट्यात धरून जाळ. सूत कागदासारखं जळतं, वासही तसाच येतो, मागे राखाडी भुकटी राहते. पॉलिस्टर आखडतं, वितळतं आणि टोकाला काळी टणक गाठ होते. मागवण्याआधी कापड कोणतं ते वाच. दुकानाच्या फोटोपेक्षा गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघ, कारण लेसची खरी अवस्था तिथं दिसते. कॅश ऑन डिलिव्हरी घेतलंस तरी परत करायची मुदत बघून ठेव. आणि आवडलेला कपडा महिनाभर यादीतच राहू दे. ह्या फॅशनी इतक्या लवकर कूस बदलतात की महिन्यानं निम्म्या तरी तुला शिळ्या वाटतील; उरलेली जी अजून हवीशी वाटेल ती घे. एकच फ्रॉक दहा रीलमध्ये दिसला म्हणून काहीही बिघडत नाही. कॉटेजकोअरवाल्यांच्या गोष्टीतली गवळण तरी रोज नवा झगा कुठून आणणार?

माझं मत विचारशील तर पुढचा फ्रॉक शिवून घे. आठवडी बाजारात सुती पॉपलिन किंवा मलमल मीटरवर मिळतं. आईचं जुनं सुती पातळ मागून बघ. आत खोचला जाणारा भाग सहसा कमी विरलेला असतो, तो घेराला चालतो. न विचारता कापू नकोस, हे आता वेगळं सांगायला नको. वर्ध्याला जाणं झालंच तर मगन संग्रहालयात डोकाव. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडलेली ती जागा आहे, तिथं नैसर्गिक रंगांची खादी बघायला मिळते. खादी तुझ्या ऑनलाइन फ्रॉकपेक्षा महाग पडेल, हे आधीच सांगते. नुसती हात लावून बघितलीस तरी कापड म्हणजे काय ते बोटांना कळेल.

राहिले काका. त्यांचं आणि आईचं म्हणणं एक आहे असं तू समजतेस, म्हणून तू जास्त घाबरलीस. आईनं ‘बंद कर’ म्हटलेलं नाही. काकांच्या बोलण्यात काळजी किती आणि वचक किती हे तूच ओळख. ‘पोरीच्या जातीनं’ हा भाग सोडून दे, पण सुरक्षिततेचा भाग उचल: गावाचं आणि कॉलेजचं नाव खात्यावर नको, जिथं आहेस तिथून लगेच रील टाकू नकोस, घरी परतल्यावर टाक, आणि अनोळखी माणसाच्या खासगी मेसेजला गोड बोलून उत्तर द्यायची सवय नको. एवढं केलंस की काकांना सांगायला तुझ्याकडे काहीतरी ठोस असेल.

तर खातं. अपराधीपणाच्या भरात बंद करू नकोस. तसं केलंस तर आईला वाटेल की तिच्या एका वाक्यानं पोरीची हौस मेली, आणि हे नवंच ओझं तिच्या डोक्यावर. दोन आठवडे काही टाकू नकोस, बघणंही कमी कर. आईशी बोलणं होऊ दे. त्यानंतरही फ्रॉक घालून धुऱ्यावर उभं राहावंसं वाटलं तर खुशाल राहा. मला वाटतं, तुला वाटेल.

फ्रॉक शिवायला टाकशील तेव्हा टेलरकाकांना दोन खोल खिसे लावायला सांग. मुलींच्या कपड्याला खिसे बरे दिसत नाहीत, शिवण फुगते, असं ते म्हणतील. ऐकू नकोस.